पास्कूच्या आंघोळीचं पाणी

पास्कू गेल्याचा फोन आला तेव्हा मी होळी गावातल्या आमच्या वाडीत अळवाच्या वाफ्यांना पाणी सोडत होतो. त्याचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले." खरं सांगतो, पहिल्यांदा मला रागच आला. भुईगावचा हा माणूस उभ्या आयुष्यात कुठे वेळेवर पोचला नाही, स्वतःच्या लग्नालासुद्धा चर्चमध्ये उशिरा आला... आणि जाताना एवढी कसली घाई रे बाबा?

आमची ओळख बाजारातली. त्याची केळी, माझी भाजी. एकाच टेम्पोतून माल न्यायचो. विडी-सिगारेटला त्यानं कधी हात लावला नाही, तरी मागे केव्हातरी ओटीच्या पायऱ्या चढतानाही त्याला धाप लागायला लागली. सगळा दोष तो बाहेरच्या हवेला द्यायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चिंचोटीच्या रस्त्यावर खडीच्या गाड्यांची धूळ आम्ही वर्षानुवर्षं खाल्ली होती. आता गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी कुणी ना कुणी प्लास्टिकचा कचरा पेटवायचं. नाकाला रुमाल लावून हा भांडायला हजर! "तुझ्याच पोरांच्या छातीत जातंय ते, अक्कल आहे का?" असं ओरडायचा आणि खोकत परत यायचा.

शेवटी मीच त्याला ओढून डॉक्टरकडे नेलं. छाती तपासून डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर असतो का?" पास्कू हळूच म्हणाला, "आंघोळीच्या पाण्याची चूल आहे. न्हाणीला लागून." स्वयंपाक गॅसवर, पण वाडीतल्या झावळ्या आणि नारळाची सोडणं फुकटची, म्हणून पाणी मात्र चुलीवर, आमच्याकडे पुष्कळ घरांत तेच. त्यात बाहेरची घाण नको म्हणून यांनी खिडक्या बंद ठेवलेल्या. "बाहेरच्या धुरानं त्रास होतोच," डॉक्टर म्हणाले, "पण घरातलाही काही कमी वाईट नाही. चूल बंद करा. जे कुणी ती फुंकतं, त्यांच्यासाठीही."

रिक्षात बसल्यावर त्यानं माझा हात धरला. "मार्थाला यातलं अक्षर सांगायचं नाही. लग्न झाल्यापासून माझं पाणी तीच तापवते. कळलं तर स्वतःला खात बसेल." मी शब्द दिला. आणि घरी गेल्या गेल्या पठ्ठ्यानं काय करावं? बायकोला म्हणाला, "तुझ्या पाण्याला धुराचा वास येतो. मला गिझर हवा." वहिनी भडकल्या. "म्हातारपणी साहेब झालास होय!" गिझर आला, पण त्याही हट्टाला पेटल्या. त्याचं पाणी गिझरचं, स्वतःचं मात्र चुलीवरच. आत चूल, बाहेर कचरा... माझ्या मित्राला धड श्वास घ्यायला जागा उरली नाही. तरी तो शेवटपर्यंत काही बोलला नाही.

परवा चर्चमध्ये त्याच्या नावाची महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींना भेटायला गेलो, तर त्या न्हाणीलगतची ती चूल फुंकत होत्या आणि खोकत होत्या. अगदी पास्कूसारख्या. मला बघून म्हणाल्या, "शेवटी शेवटी माझ्या हातचं पाणीसुद्धा नकोसं झालं होतं त्याला, भाऊजी. मी काय वाईट केलं होतं, ते कधी कळलंच नाही." दिलेला शब्द मला आठवत होता. पण तो खोकला ऐकवेना. सांगून टाकलं सगळं.

वहिनींनी फुंकणी खाली ठेवली.

"मग माझ्याशी भांडला कशाला?"

"तुम्ही रडण्यापेक्षा भांडलेलं बरं, असं वाटलं असेल त्याला."

त्यांनी तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. न्हाणीत गेल्या आणि तिथून विचारलं, "भाऊजी, याचं बटण कुठलं?" इतके दिवस त्यांनी गिझरला हातच लावला नव्हता. मी बटण दाबून दिलं. पाणी तापल्यावर त्यांनी नळाखाली ओंजळ धरली, नाकाशी नेली. "खरंच... वास नाही याला," म्हणाल्या, आणि तिथेच न्हाणीच्या दगडावर बसून रडायला लागल्या.