उंद्रीची आदत दौड

उंद्रीच्या माळावर दरवर्षी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी शिंगरांची दौड होते. तिचा इतिहास कोणी विचारला, की गावकरी उकंडरावांकडे बोट दाखवतात आणि उकंडराव मोठ्या खुशीनं स्वतःची फजिती सांगायला बसतात. त्यांच्या मते या दौडीला वेगळा इतिहास नाहीच. आहे तो त्यांच्या अकलेचा, आणि तोही फार लांबलचक नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं. त्या साली मळा बरा पिकला आणि उकंडरावांच्या अंगात वारं शिरलं. देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेला गेले, ते गोऱ्हा घ्यायचा सोडून घोडा पाहत बसले. घोडेवाला हिंदीत बोलणारा होता. म्हणाला, "आदत है साहब, दौडने की पुरानी आदत है."

आता आपल्याकडे आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेलं कोवळं जनावर. पहिला दुधाचा दात पडला की ते दुसं झालं. उकंडरावांनी 'आदत' तेवढं ऐकलं. 'पुरानी' कानावरून गेलं. तोंड उघडून दात पाहायची फुरसत तरी कुठली?

"त्यानं मले साहब म्हटलं, तिथंच घोडं नाही, मी विकल्या गेलो," असं ते आजही सांगतात.

गावात येऊन त्यांनी पारावर जाहीर केलं, की यंदा आपल्या गावच्या यात्रेत दौड लावू, पण फक्त आदत घोड्यांची. जिंकणाऱ्याच्या मालकाला फेटा. तो फेटाही स्वतःच आणला, स्वतःच्या सावळ्या तोंडाला शोभेल असा रंग पाहून.

दौड सुटली तेव्हा त्यांचं घोडं खरोखर पुढं होतं. लोक हात वर करून ओरडू लागले आणि घोडं जागच्या जागी उभं राहिलं. हात दिसला की थांबायचं, माणसं बसली की निघायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. उभा जन्म त्यानं शेगावच्या स्टेशनाबाहेर टांगा ओढला होता. मागची शिंगरं शेपट्या उडवत निघून गेली. शेजारच्या मळ्यातल्या शेषरावांचं शिंगरू पहिलं आलं. शेषरावांनी येऊन टांग्याच्या घोड्याचा जबडा उघडला आणि म्हणाले, "उकंडराव, हे कायचं आदत? ह्याचे आन् तुमचे दात संगच आले असतीन."

गाव आठ दिवस हसलं. पण दौड लोकांना आवडली ती आवडलीच. पुढच्या वर्षी शिंगरं तपासायला माणूस हवा होता. शेषराव म्हणाले, "उकंडरावलेच बसवा. एकदा दात पाहाचे राहून गेले, आता जन्मभर पाहू द्या." थट्टेत दिलेलं काम उकंडरावांनी मात्र मनावर घेतलं. जबडा उघडायचा, अंगठ्यानं दात चाचपायचे आणि 'आदत' किंवा 'दुसा' म्हणायचं. त्यांनी एकदा म्हटलं, की मागून दुसरं कोणी पाहत नसे. ज्या माणसाला एका शब्दानं गंडवलं, त्याच्या शब्दावर तालुका विसंबतो, याचं त्यांना हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

फेटा मात्र दरवर्षी दुसऱ्याच्या डोक्याला बांधावा लागे. हसत बांधत, पण आत खुपायचं. एकदा, फक्त एकदा, तो आपल्या डोक्यावर यावा, एवढीच त्यांची हाव. म्हणून त्यांनी घोडी घेतली, दात पाहून आणि मराठी बोलणाऱ्याकडून. तिला शिंगरू झालं, हरण्या. हा हरण्या खामगावच्या एसटीबरोबर रस्त्याच्या कडेनं असा पळे, की कंडक्टर खिडकीतून शाबासकी देई. यंदा फेटा उकंडरावांचाच, असं शेषरावसुद्धा म्हणू लागले.

यात्रा चार दिवसांवर आली आणि हरण्याचा पुढचा दात हलू लागला.

दात जागेवर आहे तोवर शिंगरू आदत. नियम उकंडरावांचाच. त्यांनी हरण्याचा कडबा बंद केला आणि भिजवलेला कोंडा सुरू केला. स्वतः हातानं भरवू लागले. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, "माह्या तीन बाळंतपणात अशी सेवा केली नाही तुमी."

"तुह्या दातावर फेटा नव्हता ना," उकंडराव म्हणाले.

दौडीच्या सकाळी माळ भरला. उकंडरावांनी सगळी शिंगरं तपासली, हरण्याला शेवटी ठेवलं. जबडा उघडला, अंगठा लावला, आणि दात अलगद त्यांच्या हातात आला. त्यांनी मूठ मिटली. कोणी पाहिलं नव्हतं. 'आदत' म्हटलं असतं तर कोणी पाहणारही नव्हतं. शिंगरू त्यांच्या खांद्याला नाक घासत होतं.

"दुसा," उकंडराव म्हणाले.

माळभर हशा पिकला. इतकी वर्षं स्वतःवर विनोद करणाऱ्या माणसाचा हाही विनोदच, असं सगळ्यांना वाटलं. "सोडा आता त्याले, उकंडराव!" कोणीतरी ओरडलं. तेव्हा त्यांनी मूठ उघडून दात दाखवला.

हसणं थांबलं. शेषराव पुढे आले. दाताकडे पाहिलं, मग उकंडरावांकडे. "आत्ताच पडला ना? एका दातानं काय होते? पळू द्या त्याले. कोनाची हरकत हाये का बे?"

कोणाचीच नव्हती. शिंगरांचे मालकही माना हलवू लागले. सगळ्या गावाला तो फेटा त्यांच्या डोक्यावर पाहायचा होता, हे उकंडरावांना त्या दिवशी कळलं.

"माही हाये हरकत," ते म्हणाले आणि हरण्याला ओढून बाजूला घेऊन गेले.

दौड झाली. शेषरावांचं शिंगरू जिंकलं. उकंडरावांनी फेटा बांधायला घेतला, तर पेच पुन्हा पुन्हा सुटू लागले. शेषराव मान खाली घालून उभे राहिले. बायका, पोरं, पाहुणे, सगळा माळ गप्प. टांग्याच्या घोड्याच्या दिवशीही उकंडरावांना इतकं जड गेलं नव्हतं. तेव्हा निदान लोक हसत तरी होते.

"काऊन असे उभे राह्यले?" ते ओरडले. "हसा ना बे कोनीतरी!"