लहान कुत्र्याचं मुसकं

बाळांनो,

परवा फोनवर धाकटी म्हणाली की पुढच्या शनिवारी तुमच्या घरी टेरियरचं पिल्लू येणार आहे. "आजी, तू इतकी वर्षं आपल्या कुत्र्याला सांभाळतेयस, आम्हाला काळजीची यादी करून पाठव." यादी करणं हे माझ्या आवडीचं काम. मी वहीचं पान आखलं आणि दात, कान, नखं असं लिहीत गेले. चौथ्या ओळीवर 'औषधं' असा शब्द लिहिला आणि तिथेच थांबले. ती ओळ खरी लिहायची तर तुमच्यापासून आठ वर्षं लपवलेली एक गोष्ट सांगावी लागते. म्हणून यादी बाजूला ठेवली आणि हे लिहायला घेतलं. अडेल तिथे थोरल्याने धाकटीला वाचून दाखवावं.

तुम्ही परदेशी गेलात तेव्हा थोरला आठ वर्षांचा होता, धाकटी पाच आणि कुत्रा दोन. वाशीमचं घर रिकामं करून तुमचे आईबाबा सामान बांधत होते आणि कुत्र्याला तुम्ही गावी माझ्याकडे आणून सोडलं होतं. सहा महिन्यांत त्याचे कागद होतील, मग त्याला न्यायचं, असं ठरलं होतं. थोरल्याने फाटकापाशी त्याला दोन्ही हातांनी धरून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "आम्ही येईपर्यंत सांभाळ." मी हो म्हटलं. कागद पुढे झाले नाहीत. त्याबद्दल मला कोणाला बोल लावायचा नाही, नव्या देशात माणसांचेच कागद होता होत नाहीत. पण हो म्हटलेलं माझ्याकडे राहिलं.

किन्हीराजाच्या आमच्या बाजूला कुत्री भरपूर, पण ती शेताची. भाकरी खातात, गोठ्यात झोपतात, कोणी त्यांचे दात पाहत नाही. त्यात हा पांढरा-तपकिरी, मांजराहून थोडा मोठा टेरियर आला. लोक कुंपणापाशी थांबून विचारायचे, "बाई, हे मोठं कवा होईन?" मी सांगायची की झालं तेवढं झालं. "मंग उपेग काय याचा?" असा पुढचा प्रश्न ठरलेला.

उपयोग मला लवकरच कळला. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यानंतर घरात शिस्त लावायला कोणी उरलं नव्हतं. मी त्याची वही केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन करायची. वजनकाट्यावर आधी मी एकटी उभी राहायची, मग त्याला घेऊन, आणि वजाबाकी. हे तुम्हीही करा, कारण एवढ्याशा देहावर चढलेली थोडीशी चरबीसुद्धा मागच्या गुडघ्यांवर येते. या जातीत गुडघ्याची वाटी सरकते. धावता धावता तो मधेच एक मागचा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारायचा आणि चार पावलांनंतर पुन्हा नीट चालायचा. मला ते लाडिकपण वाटलं होतं. पिल्लू असं करताना दिसलं तर हसू नका, दाखवून आणा. त्याला गुळगुळीत फरशीवर पळू देऊ नका. मी माझ्या फरशीवर जुन्या सतरंज्या अंथरल्या, त्या अजून तिथेच आहेत.

गळ्याला पट्टाही बांधू नका. दोरी ओढली की त्याला ठसका लागायचा, बदकासारखा आवाज यायचा. तेव्हापासून छातीवरून बांधायचा पट्टा. तुम्ही शिवलेला लाल गळपट्टा मी काढून ठेवला तेव्हा मला अपराधी वाटलं होतं. तो कपाटात आहे.

आता चौथी ओळ.

तुमच्या लक्षात असलेले गडीकाका, आपल्या शेतावर पंचवीस वर्षं सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कामाला असलेले, त्यांचा कुत्र्यावर जीव बसायला एक वर्ष लागलं. पहिलं वर्षभर ते त्याला 'सायब' म्हणत. "सायब, उठा, दुपार झाली." दुसऱ्या वर्षी ते जेवायला बसले की सायब त्यांच्या धोतरावर डोकं ठेवून बसू लागला. तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होती. त्या दिवशी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. काकांनी दोन्ही बैलांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग खाली वाकून त्याच हळदीच्या बोटाने सायबाच्या पाठीला टिळा लावला आणि त्यालाही आवतन दिलं.

"याला कशाला?" मी विचारलं.

"घरचंच हाये ना थे. वर्साचं काम काई करत नाई, पन हाजरी भरते."

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, काकांनी नाल्यावर बैल धुतले आणि गोठ्यासमोर आणून गोचिडाचं औषध बादलीत कालवलं. त्या पावसाळ्यात गोचीड फार होते. कुत्र्याच्या कानामागेही मला तीन सापडले होते. मी बाटली हातात घेतली. लेबल इंग्रजीत होतं, बारीक अक्षरात, आणि गावात ते वाचू शकणारी मी एकटी, हे मला चांगलंच ठाऊक होतं. बैलाचं वजन, बैलाचं प्रमाण, कुत्र्याचं वजन. त्रैराशिक. तीन ओळींत उत्तर काढलं, वर सावधगिरी म्हणून त्याचं निम्मं केलं, आणि काकांना म्हटलं की याला एवढं लावा.

काका थांबले. बैलांच्या तोंडाला त्यांनी दोरीची जाळी बांधली होती, आपण तिला मुसकं म्हणतो. डवरणीत, उभ्या पिकातलं तण काढताना, बैलाने पीक खाऊ नये म्हणून ते बांधतात, आणि औषध लावल्यावर ते सुकेपर्यंत त्याने अंग चाटू नये म्हणूनही. काकांनी कुत्र्याकडे पाहिलं.

"बाई, बैलाले मुसकं बांधलं. याले काय बांधू? थो तर दिवसभर चाटूनच राह्यते."

मला हसू आलं. "याच्या तोंडाला मुसकं? अहो काका, हिशेबाने काढलंय. बाटलीवर लिहिलंय."

"बाटली बैलाची हाये."

"प्रमाण काढलंय ना."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला औषध लावलं, आणि मी स्वयंपाकघरात पुरणाकडे गेले.

दुपारी बारा-साडेबाराला तो आला, आणि येताना भिंतीला धडकला. तोंडातून लाळ, मागचे पाय थरथरत होते. मी हाक मारली तर त्याने उलट्या दिशेला मान वळवली. मी त्याला उचललं तेव्हा अख्खं अंग हातात विजेसारखं थरकत होतं. त्याला मांडीवर घेतलं तो पहिला दिवस आठवला, थोरल्याचे हात आठवले. मी ओरडले की काय ते मला सांगता येत नाही, पण काका धावत आले.

त्या वेळी त्यांच्या हातात झूल होती. वर्षातला त्यांचा एक दिवस तो. शिंगांना बेगड लावून झाली होती, दुपारी गावाच्या तोरणाखाली बैल उभे करायचे होते. त्यांनी झूल खुंटीवर टाकली, आपल्या भावाला हाक मारून बैल त्याच्या हवाली केले, आणि मोटारसायकल काढली.

"काका, तुमचे बैल..."

"बैल उभेच हायेत. याले आवतन देल्लं हाये म्या. बसा मांगं."

त्याआधी एक बरं सुचलं. मी त्याला कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुतलं, भरपूर पाणी ओतलं. मग टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं, पदर कंबरेला खोचला, ती बाटली पिशवीत टाकली. किन्हीराजा ते वाशीम मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मोटारसायकलच्या मागे बसून गेले. प्रत्येक गावाच्या फाट्यावर सजवलेले बैल उभे होते आणि काका एकाही बैलाकडे पाहत नव्हते. मी मात्र पूर्ण रस्ताभर टॉवेलाच्या आत बोट घालून त्याच्या बरगड्या हलतात का ते पाहत होते.

कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई घरीच होत्या. सण असूनही त्यांनी दार उघडलं. पहिला प्रश्न, "बाटली आणली?" ती आणली होती, हे त्या दिवसातलं माझं दुसरं बरं काम. त्यांनी लेबल वाचलं, त्याच्या हिरड्या पाहिल्या, सुई लावली.

"किती लावलं?"

मी आकडा सांगितला आणि तो कसा काढला तेही सांगितलं. शाळेतल्या सवयीने रीतसर.

त्यांनी सुईवरून नजर काढली नाही. "बाई, उत्तर बरोबर आहे तुमचं. पण कुत्रा म्हणजे लहान बैल नसतो." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बैलांना लावलं तेव्हा तोंडं बांधली होती ना?"

काका दाराशी उभे होते. ते ऐकत होते. 'म्या बाईले सांगतलं होतं' असं त्यांना म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "बैलाईले बांधतो आमी. याच्या मापाचं नव्हतं आमच्याजवळ."

सलाईन संपायला साडेचार वाजले. थरथर आधी मानेची थांबली, मग पुढच्या पायांची. त्याने डोळे उघडले आणि काकांच्या बोटावरचा कालच्या हळदीचा डाग चाटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आजची रात्र जपा, वाचेल असं दिसतंय.

परत आलो तेव्हा पोळा फुटून गेला होता. घरोघरचे बैल पुजून झाले होते. आमचे दोन दाराशी उभे होते, काकांची बायको आरतीचं ताट घेऊन बसून राहिली होती, कारण काकांनी हात लावल्याशिवाय बैल ओवाळायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं. गावातली शेवटची पूजा आमच्या दारात, दिवेलागणीला झाली. बैलांनी पुरणपोळी खाल्ली. सायबाला मऊ भात दिला, त्याने तीन घास खाल्ले.

त्याच रात्री तुमचा फोन आला. तुमच्याकडे सकाळ होती. धाकटीने विचारलं, "तो कुठाय? दाखव ना." मी म्हटलं, "झोपलाय. मस्त आहे." मग तुम्ही शाळेच्या सहलीचं सांगत बसलात आणि मी हं, हं म्हणत बाजूच्या खोलीतला श्वास ऐकत होते. पुढे पुष्कळदा सांगायचं मनात आलं. पण तुम्ही तिथे, मी इथे. तुमची वस्तू मी सांभाळते आहे, एवढाच एक धागा मला पक्का वाटत होता. आपल्याच हातून तो तुटता तुटता राहिला, हे फोनवर सांगायचा धीर झाला नाही. दोनदा तुम्ही येऊन गेलात, दहा-दहा दिवस. दोन्ही वेळा तो तुमच्या पायांत लोळला. मी काही बोलले नाही.

तर चौथी ओळ अशी. दुसऱ्या प्राण्याचं औषध पिल्लाला कधीही लावू नका, कितीही पातळ केलं तरी. लेबल वाचता येतं म्हणजे कळतं, असं मानू नका. गोचीड, पिसवा, जंत, सगळ्याला कुत्र्याच्याच वजनाचं औषध मिळतं, ते डॉक्टरांना विचारून द्या. लावलं की सुकेपर्यंत त्याला चाटू देऊ नका. आणि घरातलं कोणी 'याने चाटलं तर?' असं विचारलं तर हातातलं काम थांबवा.

बाकीचं थोडक्यात लिहिते. द्राक्षं, बेदाणे, कांदा, चॉकलेट यांतलं काही देऊ नका. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही वेचून काढा. दात रोज घासा. मी हे उशिरा सुरू केलं, त्याचा परिणाम पुढे वाचाल. कान ओले ठेवू नका. इथे उन्हाळ्यात मी त्याला पहाटे फिरवते आणि दुपारी ओल्या गोणपाटावर झोपवते. तुमच्याकडे बर्फ, तेव्हा फिरून आल्यावर पंजे धुवा, रस्त्यावर टाकलेलं मीठ बोटांत राहतं आणि तो ते चाटतो.

पोळ्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी काका गोठ्यात दोरी वळत बसले होते. मला वाटलं कासरा करतायत. संध्याकाळी त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. बैलाच्या मुसक्यासारखंच, गाठ तीच, वीण तीच, पण माझ्या मुठीत मावणारं.

"आता हाये मापाचं," म्हणाले. यापलीकडे त्या दिवसाबद्दल ते आजपर्यंत काही बोललेले नाहीत. त्यानंतर दर पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंचं औषध आणि हे मुसकं. तो ते मुकाट्याने घालून घेतो आणि सुकेपर्यंत काकांशेजारी बसतो, बैलांच्या रांगेत.

तुमचं नवं पिल्लू येतंय हे ऐकून मला आनंद झाला, आणि थोडा वेळ मी सायबाकडे पाहायचं टाळलं. डिसेंबरात तुम्ही येणार म्हणता. येईपर्यंत सांभाळ, असं थोरला म्हणाला होता. मी सांभाळते आहे. फोटोतल्यासारखा तो आता दिसत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तो तेरा वर्षांचा आहे. डावा डोळा पांढरा झालाय, उजव्याने दिसतं. दात सात आहेत. ऐकू कमी येतं, पण काकांची मोटारसायकल ओळखतो. मागचा उजवा पाय अजून मधेच उचलतो. भूक चांगली आहे. संध्याकाळी पाच वाजता तो फाटकाकडे तोंड करून बसतो आणि दिवा लागला की आत येतो. छोटं मुसकं गोठ्यात, बैलांच्या मुसक्यांशेजारच्या खुंटीवर आहे.