यासोजीने छापलेली सासू

आमच्या क्योतोच्या गल्लीतला यासोजी जन्मभर दुसऱ्यांनी कोरलेल्या ठशांवर रंग लावून चित्रं छापायचा. मग त्याला नव्या चित्रकारांचं वारं लागलं: चित्र आपणच काढायचं, लाकूड आपणच कोरायचं, छापायचंही आपणच! त्यासाठी सासूची मागची खोली हवी होती, म्हणून तिला खूश करायला पठ्ठ्याने तिचंच चित्र छापलं. पण लाकडावर चित्र उलटं कोरायचं असतं, हेच विसरला! छापल्यावर किमोनोचा उजवा पदर डाव्यावर आला, आणि तसा तर आम्ही फक्त मढ्याला नेसवतो.

"मी मेले का रे?" सासू ओकिने कडाडली.

"नाही हो, सासूबाई!"

शेजारधर्म म्हणून मी गुपचूप चित्रापुढे उदबत्ती लावली. ओकिने इतकी हसली की कवळी निसटली.

"घे खोली," ती म्हणाली, "पण आधी मला जिवंत कर!"