ग्रामसभेला येताय ना?

आमच्या संस्थेच्या प्रत्येक अहवालात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘नागरिकांचा सहभाग वाढला.’ तो वाढला म्हणजे नेमकं काय झालं, हे लिहायला मात्र अहवालात जागाच नसते! मग ते सगळं डोक्यात साचत राहतं. जीपमध्ये, टपरीवर चहा पिताना, कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत ते बाहेर पडतं. आज तुम्ही सापडलात.

आधी आमची माणसं सांगते. मोरे सर आमचे प्रमुख. भाषण फर्स्टक्लास. सुनंदाताई प्रशिक्षण घेतात, बोलतात कमी, पण बोलल्या की लागतं. गफूरभाई जीप चालवतात. आणि मी वैशाली, अहवाल लिहिणारी. नांदेडहून निघायचं, पार लातूरपर्यंतची गावं फिरायची आणि लोकांना सांगायचं, ‘ग्रामसभा तुमची आहे. या, बसा, विचारा.’ बस्स, एवढंच काम. सोपं वाटतंय ना? हां!

*

हदगावकडचं एक गाव. मारुतीच्या पारावर बैठक. मोरे सर त्या दिवशी असे काही रंगले होते म्हणता! “विचारायला शिका! सरपंचाला विचारा, ग्रामसेवकाला विचारा, आमदाराला विचारा! ज्याच्या हातात कारभार आहे, त्याला जाब विचारणं हा तुमचा हक्क आहे!”

टाळ्या झाल्या. सरांनी घाम पुसला आणि म्हणाले, “आता विचारा बरं. कुणाला काही प्रश्न?”

सगळे एकमेकांकडं बघून राहिले. शेवटी मागून एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

“सायेब, तुमाला कोन निवडून दिलं?”

परतीच्या वाटेवर सर एकदम म्हणाले, “वैशाली, अहवालात लिही. प्रशिक्षण यशस्वी!”

*

ग्रामसभेला माणसं गोळा करणं हे खरं अवघड काम. एका गावात सरपंचांनी सकाळपासून भोंग्यावर सांगितलं, “सर्व ग्रामस्थांनी बहुसंख्येनं उपस्थित राहावं.” शाळेत आम्ही, सरपंच, ग्रामसेवक आणि एक कुत्रं. दुसरं कुणी नाही.

गफूरभाई उठले. “सरपंच, जरा माइक देता का?”

आणि भोंगा वाजला, “ऐका हो! नवी नाली कुणाच्या दारातून न्यायची, ते आत्ता शाळेत ठरून राहिलंय. जे येनार न्हाईत, त्यांच्या दारातून जाईल!”

अहो, लोक पळत आले! एक जण अर्ध्या दाढीचा फेस तसाच घेऊन आला. वर्गात जागा पुरेना, म्हणून सभा मैदानात घ्यावी लागली. आणि खरं सांगते, नालीचा विषय त्या दिवशी निघालाच. तासभर भांडणं झाली आणि शेवटी नाली सगळ्यांच्या संमतीनं ठरली. तशी संमती त्या गावात आजवर कधी झाली नव्हती म्हणे.

सर म्हणाले, “गफूरभाई, हे जरा फसवल्यासारखं झालं.”

“फसवलं कुठं साहेब? नियमच सांगितला ना!”

*

आता हे सरांच्या पाठीमागं सांगते. नांदेडात सर राहतात त्या अपार्टमेंटची दर महिन्याला मीटिंग असते. गावोगाव ‘सभेला जा, सभेला जा’ म्हणून घसा कोरडा करणारे आमचे सर तिथं एकदाही गेले नव्हते. “वेळ कुठं असतो!” म्हणायचे.

एके दिवशी तोंड पाडून ऑफिसात आले. रात्रीच्या मीटिंगमध्ये सर्वानुमते त्यांना सेक्रेटरी केलं होतं. टाकीची सफाई, लिफ्टचा बिघाड, वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी, सगळं सरांच्या गळ्यात!

“पण मला न विचारता कसं काय करतात?” सर तणतणले.

गफूरभाईंनी शांतपणे चहाचा कप पुढं केला. “सर, नाली तुमच्याच दारातून गेली!”

*

भोकरला महिला सरपंचांचा मेळावा होता. एका बाईंबरोबर त्यांचे यजमान आले आणि थेट पुढच्या खुर्चीत बसले. बाई मागं उभ्या. यजमान पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, खिशाला पेन, दर वाक्याला मान डोलवून राहिलेले.

सुनंदाताईंनी विचारलं, “आपण?”

“सरपंच!” यजमान छाती काढून म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, “म्हंजी, कारभार मीच बघतो ना.”

सुनंदाताई नुसत्या वळल्या आणि सत्काराची तयारी करणाऱ्या बचत गटाच्या बायकांना म्हणाल्या, “घ्या गं, सरपंच आले. सुरुवात यांच्यापासूनच.”

बायका काय, टपलेल्याच! हळदीकुंकवाचा करंडा, खण, नारळ, तांदूळ घेऊन सगळ्यांनी खुर्चीला गराडा घातला. “या सरपंच, ओटीत घ्या!”

यजमान ताडकन उठले. “न्हाई, न्हाई! मी न्हाई! सरपंच ह्या हायत!”

सुनंदाताईंनी कानाला हात लावला. “जरा मोठ्यानं सांगा भाऊ. मागं ऐकू गेलं न्हाई.”

*

दिल्लीहून एक मॅडम पाहणीला आल्या होत्या. त्यांनी चित्रांच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. एक हसरा चेहरा, एक रडका. ज्या बायकांना लिहिता येत नाही, त्यांनी चिठ्ठी उचलून ग्रामपंचायतीबद्दलचं मत सांगायचं.

गेल्या वर्षभरात त्या गावात दिवे लागले होते, अंगणवाडीला छप्पर आलं होतं. आम्ही निवांत होतो. आणि बघतो तर काय, एकूण एक बाईनं रडका चेहरा उचलला! सरांचा चेहराही त्या चिठ्ठीसारखाच झाला.

मॅडमनी हळुवारपणे विचारलं, “इतका त्रास आहे का पंचायतीचा?”

“तरास कशाचा? लई चांगलं काम हाय!” एक आजी म्हणाली.

“मग हे रडकं चित्र का?”

आजीनं चिठ्ठी लांब धरून पुन्हा नीट पाहिली. “रडकं कुठं? ह्यो आमचा सरपंचच हाय की!”

*

आता हा एक सांगते आणि थांबते. लातूरकडच्या मुरुडच्या पुढं एका गावात गयाबाई नावाची एक बाई आहे. दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाते. ग्रामसभा मात्र कधी चुकवायची नाही. यायची आणि दारापाशी, लोक चपला काढतात तिथं बसायची. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. बोलायची नाही.

तिच्या वस्तीला तेव्हा नळाचं पाणी नव्हतं. बायका लांबच्या विहिरीवरून हंडे आणायच्या. सुनंदाताई तिच्या मागंच लागल्या होत्या. “मावशी, उभं ऱ्हायचं अन् म्हनायचं, आमच्या वस्तीला पानी पायजे. बस्स, एवढंच!”

गयाबाई हसायची. “माझी काय जीभ वळती का बाई तिथं!”

शेवटी वस्तीतलीच दुसरी एक सून बोलली, भांडली, पुन्हा पुन्हा बोलली आणि पाणी आलं.

त्याच्या पुढची ग्रामसभा. सगळे विषय संपले होते. सरपंच आभार मानायला उठणार, तेवढ्यात दारापाशी गयाबाई उभी राहिली.

सगळ्या माना मागं वळल्या. सुनंदाताईंनी माझा हात घट्ट धरला.

सरपंच म्हणाले, “बोला की मावशी. नळ बंद पडला का?”

“न्हाई. येतंय की पानी.”

“मग घरकुलाचं ऱ्हायलं का?”

“न्हाई.”

“रस्ता?”

तिनं मान हलवली. डोक्यावरचा पदर मागं सरकला होता, तो तिनं तसाच राहू दिला. पुढच्या खुर्च्यांपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली.

“अहो, मग पाहिजे तरी काय तुम्हाला?”

“काय नको बाबा. लई वर्सं बसून बघितलं. उभं ऱ्हाऊन गाव कसं दिसतंय, ते बघून राहिले.”

सरपंच हसले. “बरं, बरं. मग बसा आता.”

“बसते की! बघून तर होऊ दे!”