उघडणार नाही असं कुलूप

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण, पण पाटी बघावी तर दुकानापेक्षा लांब: ‘उघडणार नाही असं कुलूपच नाही’. या एका ओळीवर स्वारी जन्मभर ऐटीत जगली. घरात बायकोपुढे कुठल्याही मुद्द्यावर माघार घेईल, पण पाटीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

यंदा तर त्याची चंगळ. जो येईल त्याची एकच रड, किल्ली आत जात नाही. कुलूप खोलून बघावं तर आत हिरव्या पानाची सुबक पुंगळी. त्याला आधी वाटलं, पोरांचा चावटपणा. मग एका दुपारी त्याच्या डोळ्यांदेखत मधमाशीच्या जातीची एक रानमाशी आली, पोटाशी पानाचा गोल तुकडा धरून, आणि दुरुस्तीला आलेल्या कुलपात खुशाल शिरली. किल्लीवाला हातोडी टाकून जो हसत सुटला, तो शेजारचा शिंपी मशीन थांबवून विचारायला आला, सगळं ठीक आहे ना म्हणून.

दुकानामागचं पडीक मैदान सपाट करून गाड्यांसाठी फरशी घातली, तेव्हापासूनचं हे. वठलेली झाडं गेली, पोकळ काटक्या गेल्या, त्यांच्यामागे भुंगे गेले, फुलपाखरं गेली. ही बया मात्र हटली नाही. पानात गुंडाळून अंडी घालायला झाडातली भोकं नाहीत ना, मग कुलपातली. किल्लीवाला तिच्यावर बेहद्द खूश. पुंगळ्या अलगद काढायच्या, ड्रिलने भोकं पाडलेल्या ओंडक्यात ठेवायच्या आणि शीळ घालत घरी जायचं.

घरी मात्र वेगळाच तमाशा. बायकोच्या गुलाबाला पहिल्यांदाच कळी धरली होती आणि पानं कुणीतरी गोल गोल कातरून नेत होतं. “कोण मेलं माझ्या झाडाच्या जिवावर उठलंय,” ती म्हणाली. “रविवारी औषध फवारते. एकाला जिवंत सोडणार नाही.” औषधाची बाटली गॅलरीतल्या कपाटात, नातवंडांच्या धास्तीने कुलूपबंद. चोर कोण ते किल्लीवाल्याला ठाऊक होतं, आणि सांगायची छाती नव्हती.

रविवारी बायको पदर खोचून उभी. किल्ली जाईना.

“अहो, बघा हो जरा.”

त्याने वाकून पाहिलं. भोकात हिरवी पुंगळी. केसातल्या पिनेनेही चुटकीसरशी निघाली असती. त्याने उगाच कुलूप हलवलं.

“नाही उघडत हे.”

बायको बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. तिने भोकाला डोळा लावला. “हे माझ्या गुलाबाचं पान आहे.”

तेवढ्यात तिच्या नाकासमोरून माशी आली, अंगापेक्षा मोठं पान सावरत, धडपडत, आणि कुलपात गडप झाली. बायकोला हसू फुटलं. दाबायला गेली तर आणखीच फुटलं.

“तिचं घर गेलंय गं,” किल्लीवाला म्हणाला. “पिल्लं आहेत आत. तू औषध मारलंस तर मला फार वाईट वाटेल.”

“कळी खात नाही ना?”

“छे. पानंच नेते फक्त.”

“उघडणार कधी मग हे?”

“पिल्लं उडाली की.”

“मग ती पाटी उतरवा आधी. खोटं लिहून धंदा करायचा नाही.”

एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात बायकोची, असा तो दुकानाकडे धावत सुटला. पाटी काही उतरवली नाही. स्टुलावर चढून खाली खडूने लिहिलं, ‘एक सोडून’.

“कुठलं हो ते?” शिंप्याने विचारलं.

“आमच्या घरचं,” किल्लीवाला म्हणाला, आणि हसता हसता स्टुलावरून पडता पडता वाचला.