तिच्या श्वासाच्या चालीनं

जानेवारी २००६, शनिवार दुपार. अमेरिकेतलं चँडलर, मुलांचं हॉस्पिटल. हजर: चार वर्षांची माझी सई, तिचे बाबा, नर्स, मी, आणि शेजारच्या स्मिताच्या नागपूरहून आलेल्या आई. या मावशी वरणभाताचा डबा घेऊन आल्या होत्या. आमची ती पहिलीच भेट. देव हजर होता की नाही, हे त्या दुपारी मला खात्रीनं लिहिता आलं नसतं.

सईला न्यूमोनिया झाला होता. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि त्यातून श्वासाला जोर देणारं मशीन, एवढ्यावर निभावलं तर ठीक, नाहीतर घशात नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. आणि सई मास्क ओढून काढत होती. मशीन हवा आत ढकलायचं, नेमकी तेव्हाच ती रडायची. नर्स आणि सईचे बाबा तिला समजावून थकले. मी कामाला लागले होते. एकवीस आवर्तनांचा संकल्प सोडला होता आणि तो संध्याकाळच्या आत पुरा करायचा म्हणून स्तोत्र भराभर म्हणत होते.

मावशींनी डबा ठेवला. "काहून पळतेस गं बाई एवढी? देवाची गाडी सुटून राहिली का?"

"एकवीस व्हायला हवीत, मावशी."

"कोणाला हवीत? पोरीला तुझ्या घाईनंच धाप लागेल. तिच्या श्वासाबरोबर म्हण."

मला रागच आला. पण पुढची ओळ काही केल्या आठवेना. सईच्या छातीवर हात ठेवला. मशीननं हवा दिली की 'रा', थांबली की 'म'. सुरुवातीला तिचा श्वास चुकला, मग माझा. हळूहळू तिची मास्कवरची मूठ सुटली. मी पाणी प्यायला थांबले, तर मास्कच्या आतून दबका आवाज आला, "आई, डोन्ट स्टॉप."

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, नळीची गरज दिसत नाही. औषधानं काम केलं, मशीननं केलं; मी वाद घालत नाही. माझी सगळी तयारी जिथे संपली, तिथे कुणीतरी माझा हात धरून तिच्या छातीवर ठेवला, एवढंच मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी मी रोज हात जोडते.

सई आता पहिलीत आहे. संकल्पातली सात आवर्तनं अजून बाकी आहेत. दर शनिवारी म्हणायला बसते. ती येऊन मांडीवर डोकं ठेवते, आणि मी तिचा श्वास ऐकत राहते.