वजनाचा रकाना

"टीबी है, फेफड़ों की. ठीक हो जाएगी," मयूर विहारजवळच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शेवटचे शब्द माझ्या कानात शिरलेच नाहीत. फुफ्फुसांचा क्षय!

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. निम्मं आयुष्य परिपत्रकं काढण्यात गेलंय. त्यामुळे सगळ्या देशासाठी एकच गाइडलाइन, म्हणजे उपचारांच्या ठरलेल्या सूचना आहेत आणि औषध त्याप्रमाणेच मिळणार, हे ऐकून मला धीर आला नाही, धडकी भरली. आमच्याकडे सूचना कशा निघतात ते मला ठाऊक होतं. जुनी फाइल काढायची आणि तारीख बदलायची.

गोळ्या किती, ते वजनावर ठरतं. मला सवय फॉर्म घरूनच भरून न्यायची. वजन अडुसष्ट, ऑफिसच्या मागच्या तपासणीतून उतरवलेलं. त्या दिवशी काट्यापुढे रांग होती. माझा एकही रकाना रिकामा नाही हे पाहून नर्सने फॉर्म तसाच पुढे सरकवला. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली होती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. रोजच्या पाच गोळ्या सुरू झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात अन्न समोर आलं की मळमळायला लागलं. माझी बायको सुनीता मला बाल्कनीत उजेडात घेऊन गेली आणि तिने पापणी खाली ओढली.

"अहो, डोळे पिवळे दिसतायत. चलो, आत्ताच निघू."

लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे यकृताचं काम तपासणारी रक्ततपासणी, फार वाईट आली. कावीळच. डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं. चोपन्न.

"इस वज़न पर चार गोलियाँ बनती थीं," त्या म्हणाल्या. "पीलिया इसी से हुआ, ये नहीं कह सकती. पर तौलना हमें चाहिए था. अब गाइडलाइन साफ़ है. सब बंद. लिवर सँभले, फिर एक-एक दवा शुरू."

ते दिवस कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. गोळी घेतली तर यकृत जाणार, नाही घेतली तर छातीतले जंतू माजणार. साधा ठसका लागला तरी मला घाम फुटायचा. रिपोर्टचं पाकीट माझ्याच्याने उघडवत नसे, ते सुनीता उघडायची.

हळूहळू आकडे उतरले. मग एक औषध, काही दिवस वाट, पुन्हा रक्त. मग दुसरं. तेव्हा कळलं, गाइडलाइनमधली ही 'सब बंद, फिर एक-एक दवा'ची ओळ जुन्या फाइलमधून उचललेली नव्हती. माझ्याआधी कितीतरी जणांचे डोळे पिवळे झाले असतील, काही जण गेलेही असतील, तेव्हा कुठे ती लिहिली गेली. त्या अनोळखी माणसांचा मी ऋणी आहे.

तुमच्यावर ही वेळ आली तर वजनाचा रकाना मोकळा ठेवा. चपला काढा आणि काट्यावर उभे राहा.

मी आता बरा आहे. तरी दर रविवारी सुनीता मला बाल्कनीत नेऊन पापणी ओढते. "आता कशाला?" मी परवा विचारलं.

"गाइडलाइन आहे," ती म्हणाली. "वर बघा."